वंशावळीतल्या लेकी-सुना

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी काही लिहावे असा भगिनींचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. पण इतिहासाची आवड मला लहानपणापासून आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करते.

आपल्या पुंडलिकनगरहून तासाभरात देवगिरीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोचता येते. तिथे यादवांची राजधानी होती. राजा भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्य उभे केले. पुढे जैतुगी, सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामदेवराव झाले. रामदेवराव 1271 साली गादीवर आले. हेमाद्री पंडिताने आपल्या ग्रंथात या घराण्याची वंशावळ संस्कृतात लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला कळते.

1296 साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. रामदेवरावांची एक मुलगी अलाउद्दीनाच्या घरात गेली, असे फारसी इतिहासकार सांगतात. तिचा मुलगा शिहाबुद्दीन 1316 साली बालवयात काही काळ दिल्लीच्या तख्तावर बसला. देवगिरीच्या राजाचा नातू दिल्लीचा सुलतान! तरी यादवांच्या वंशावळीत त्याला जागा नाही. का? तर तो लेकीचा मुलगा.

आता थोडे पुढे वेरुळास जाऊ. तिथल्या भोसल्यांची वंशावळ आपल्या मुलांना पाठ असते : बाबाजी, मालोजी, शहाजी, शिवाजी, संभाजी. सरळ एका ओळीत पाच नावे. पण या ओळीच्या शेजारी सुनांची नावे मांडा, म्हणजे खरा इतिहास दिसतो. मालोजींची पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांची. शिवाजी महाराजांच्या सईबाईही त्याच घराण्यातल्या. शहाजीराजांच्या जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या, आणि हे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. देवगिरी व वेरूळ यांची गाठ पडली ती जिजाबाईंमुळे.

1629 साली जिजाबाईंचे वडील लखुजीराव जाधव, त्यांचे मुलगे व नातू यांना निजामशहाच्या दरबारात, याच दौलताबादच्या किल्ल्यात, दग्याने मारण्यात आले. त्या वेळी जिजाबाईंच्या पोटात बाळ होते. फेब्रुवारी 1630 मध्ये शिवनेरीवर शिवराय जन्मले. माहेरच्या रक्ताचा हा घाव सोसून त्या माउलीने मूल वाढविले. भगिनींनो, नुसत्या पुरुषांच्या यादीत हे कुठे दिसते का?

परदेशात जर्मनीमध्ये सरदार घराण्यांच्या वंशावळीत आईकडच्या पिढ्याही मोजीत. काही मोठ्या धर्मपीठांत प्रवेश हवा असेल तर बापाकडचे आणि आईकडचे मिळून आठ किंवा सोळा पूर्वज कुलीन असल्याचे सिद्ध करावे लागे. तिथे हे कुळाच्या अभिमानापोटी होई, त्यात कौतुक करण्याजोगे फारसे नाही. पण आजीचे नाव लिहिल्यावाचून तिथे काम भागत नसे, एवढे खरे.

हल्ली दाखल्यांसाठी घरोघर वंशावळी काढतात. आमच्याही घरी काढली. पाच पिढ्यांचे पुरुष आले. माझ्या सासूबाईंचे नाव नाही, त्यांच्या सासूचे नाही. दुष्काळात दुसऱ्यांच्या शेतावर खुरपून ज्यांनी ही पिढी जगवली, त्यांची खूण कागदावर एवढीही नाही. मी तो कागद घेतला आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या पत्नीचे नाव व तिचे माहेर पेन्सिलीने लिहिले. पणजीसासूचे नाव गावाकडच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी सांगितले : सखुबाई, माहेर पैठणकडचे. त्या आत्याबाई गेल्या असत्या तर ते नावही गेले असते.

आपल्या शहराला आज छत्रपती संभाजी महाराजांचे नाव आहे. त्यांच्या आईचे नाव सईबाई, हे आपल्या लेकरांना ठाऊक असावे. आणि आपल्या घरातल्या सखुबाईही ठाऊक असाव्यात. म्हणून माझी सर्व भगिनींना विनंती आहे, की घरात जी वडीलधारी माणसे आहेत त्यांना विचारून लेकी-सुनांची नावे एका वहीत लिहून ठेवावीत. हे काम पुढल्या वर्षावर टाकू नये.