प्रतिपिंड आणि हृद्रोग : एका गृहीताचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील शब्द केवळ वस्तूचे नाव सांगत नाही. त्या वस्तूविषयीचे गृहीतही तो सोबत वागवितो. ‘प्रतिपिंड’ हा शब्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. बाहेरून आलेल्या जंतूला वा विषाला विरोध करणारे, शरीराने निर्माण केलेले द्रव्य, असा त्याचा अर्थ होय. हेच द्रव्य स्वतःच्या हृदयावर उलटू शकते, हे शास्त्राच्या ध्यानी येण्यास मात्र सुमारे सत्तर वर्षे लागली. हा विलंब का झाला, आणि तो संपल्यावर शिरूर तालुक्यासारख्या ग्रामीण भागाच्या पदरात काय पडले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

1890 मध्ये बेरिंग व कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्प यांची विषे निष्प्रभ करण्याचा गुण रक्तजलात येऊ शकतो, हे दाखविले. पुढील वर्षी एर्लिख यांनी ‘अँटिकॉर्पर’ हा जर्मन शब्द योजिला. ‘प्रतिपिंड’ हे त्याचेच जवळजवळ शब्दशः रूप होय. महाराष्ट्राला या कल्पनेचा परिचय संकटकाळी झाला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे रक्षक, हा समज अशा अनुभवांनी दृढ झाला. 1901 च्या सुमारास एर्लिख यांनीच त्याला तात्त्विक रूप दिले : शरीर स्वतःच्या घटकांवर आघात करण्याचे टाळते. ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ या लॅटिन नावाने प्रसिद्ध झालेल्या या वचनास दीर्घकाळ सिद्धांताची प्रतिष्ठा लाभली.

या सिद्धांताला छेद देणाऱ्या रोगांपैकी एक वस्तुतः फार जुना होता. तो म्हणजे ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात तो संधिज्वर. माधवनिदानात ‘आमवात’ या विकाराच्या लक्षणांत सांध्यांच्या सुजेबरोबर ‘हृद्ग्रह’ हे लक्षणही नोंदलेले आहे. आमवात व संधिज्वर हे एकच, असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि सांधा आणि हृदय यांचा संबंध येथील वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, एवढे निश्चित. लंडनमध्ये विल्यम वेल्स यांनी 1812 मध्ये सांध्यांच्या या विकाराचा हृदयाशी असलेला संबंध वर्णिला.

कोडे निराळेच होते. घसा दुखून बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ज्वर येई, सांधे सुजत आणि हृदयाच्या झडपा बिघडत. परंतु हृदयात जंतू सापडत नसत. 1932 मध्ये टॉड यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील स्ट्रेप्टोकोकसविरोधी प्रतिपिंड मोजण्याची रीत दिली. पुढे 1960 नंतरच्या दशकात मेल्विन कॅप्लान यांच्या संशोधनाने दुवा जुळला : या जंतूविरुद्ध निर्माण झालेले प्रतिपिंड हृदयाच्या ऊतींशीही संयोग पावतात. जंतूच्या पृष्ठावरील एम-प्रथिन आणि हृदयस्नायूतील मायोसिन यांच्या रचनेत साम्य असते. या आघातात पांढऱ्या पेशींचाही भाग असतो, हे नंतर स्पष्ट झाले. शत्रू आणि स्वकीय यांच्या रूपसादृश्यामुळे रक्षकाची फसगत होते, असा याचा इत्यर्थ.

यातून उपायाची दिशा स्पष्ट होते. निर्माण झालेले प्रतिपिंड परत घेता येत नाहीत. त्यांच्या निर्मितीचे निमित्तच टाळावे लागते. घशातील जंतूंचा पेनिसिलिनने वेळीच नाश केल्यास संधिज्वर टळतो, हे अमेरिकेतील वायोमिंग येथील सैनिकी तळावरील प्रयोगांनी 1950 मध्ये दाखविले होते. उपचार नऊ दिवसांच्या आत सुरू झाला तरी तो उपयोगी पडतो. एकदा आजार झालेल्यांना तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ इंजेक्शन द्यावे लागते. कारण प्रत्येक नव्या झटक्यागणिक झडप अधिक आखडते. पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, 1954 मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1955 मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

मात्र औषध जिल्ह्यात तयार होणे आणि ते मुलापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. शिक्रापूरनजीकच्या तळेगाव ढमढेरेसारख्या गावात मुलाचा घसा दुखला, तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि हळदीचे दूध यांवर भागते. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. ज्या थोड्यांना ते पुरत नाही, त्यांचा रोग अनेकदा पुष्कळ वर्षांनी उघड होतो : शेतात धाप लागणाऱ्या तरुणात, किंवा पहिल्या गरोदरपणात श्वास कोंडणाऱ्या मुलीत. तोवर झडपेची हानी भरून न येणारी असते.

हे अंतर गावातूनच कमी करता येते. याच शिरूर तालुक्यात वढू येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने, डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली, 1970 नंतरच्या दशकात गावातीलच व्यक्तींना शिकवून आरोग्यसेवा उभी केली. कोयाजी यांना 1993 चा मॅगसेसे पुरस्कार लाभला. ते कार्य या एका रोगापुरते नव्हते. परंतु दुखरा घसा प्रथम पाहणारी व्यक्ती गावातलीच असते, हे त्याने ओळखले होते. 2018 मध्ये जागतिक आरोग्य सभेने संधिज्वर व तज्जन्य हृद्रोग यांविषयी ठराव केला. त्यावरून हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, हे दिसते.

प्रयोगशाळेत गृहीत बदलले. गावात ते अद्याप बदलावयाचे आहे. बरा झालेला घसा म्हणजे संपलेला आजार, हेच ते गृहीत होय.