पावतीवर नाव कुणाचं?

१३ फेब्रुवारी १९४८. गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तुम्ही उभे आहात. गांधीजींच्या हत्येला जेमतेम पंधरवडा झालाय. जिन्यावरून मालकाचे मेहताजी पावतीपुस्तक काखोटीला मारून वर येताहेत. गेल्या महिन्यात त्यांनी सुचवलं होतं, "सिंधहून आलेली माणसं तिप्पट भाडं द्यायला तयार आहेत, बघा बुवा." आज ते सात रुपये मोजून घेतात आणि मुकाट्यानं पावती फाडतात.

कारण आजपासून मुंबईचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झालाय. भाडं १ सप्टेंबर १९४० ला होतं तेवढंच. करांची वाढ तेवढी वेगळी. ते भरायची तुमची तयारी आहे तोवर केवळ जास्त भाड्याच्या लोभानं तुम्हाला बाहेर काढता येणार नाही. नळ तोडून छळायचीही सोय नाही. कायदा तात्पुरता आहे म्हणे. १९१८ चा पहिलाही तसाच होता.

१९६२. वडील गेले. सोबत राहणाऱ्या मुलाला कायदा भाडेकरू मानतो; मेहताजी मात्र पावतीवर तुमचं नाव घालायला तयार नाहीत. "खर्च येईल," म्हणतात. पावती न देता घेतलेल्या त्या रकमेला पागडी म्हणतात. ती घेणं गुन्हा आहे, आणि अख्खी गल्ली ती देते. भाड्यात बुडालेलं मालक असं हातोहात वसूल करतो. त्याला खलनायक ठरवणं सोपं, पण सात रुपयांत वासा तरी बदलून मिळतो का?

नाहीच मिळत. १९६९ च्या कायद्यानं उपकर लावून दुरुस्ती मंडळ आणलं, तेव्हा तुमच्या गॅलरीखाली लाकडी टेकू लागले.

१९७३. दादरला मेव्हण्याची खोली रिकामी आहे. १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या नुसत्या परवान्यावर राहत होते, ते सगळे भाडेकरू ठरले, हे ऐकून त्यानं तिला कुलूप ठोकलंय. तुमच्या भाच्याला लग्नानंतर जागा मिळेना, आणि तो शिव्या घालतो मेव्हण्याला! तुम्ही मात्र गप्प. आपलं छप्पर ज्या कायद्यानं शाबूत, त्यानंच भाच्याचं दार लावलं, हे घरात कसं बोलणार?

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालय सांगतं की १९४० च्या भाड्याला खिळून राहणं आता मनमानी झालंय. पण कायद्याची मुदत मार्चमध्ये संपतेय म्हणून तो रद्द करत नाही. मुदत पुन्हा वाढते.

३१ मार्च २०००. नवा कायदा लागू. पागडी आता राजरोस. भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येईल. मेहताजींचा नातू कॅल्क्युलेटर घेऊन दारात उभा आहे. सात रुपयांचे चार टक्के, अठ्ठावीस पैसे. तो सुट्टे मागत नाही; पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही मागतो. तुम्ही आधी चष्मा शोधता, मग वकिलाचा फोन नंबर.