धनी नसलेल्या पेढीची चावडी

२००८ साली लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला आले होते. आमच्या पेठेतल्या दुकानदारांनी रिवाजाप्रमाणे नव्या चोपड्यांना हळदकुंकू वाहिले, पहिल्या पानावर 'श्री' काढला, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ही वही खरी, असे मनाशी धरले. त्यानंतर तीनच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, 'सातोशी नाकामोतो' अशी सही करणाऱ्या कोणा इसमाने एका नव्याच चोपडीचा आराखडा जगापुढे ठेवला. नऊ पानांचा तो निबंध होता. त्यात सांगितलेल्या नाण्याचे नाव बिटकॉइन.

तो निबंध कोणा मासिकात छापून आला नाही. गुप्तलिपीशास्त्राची आवड असणाऱ्या मंडळींची एक मेलिंग लिस्ट होती. एकाने पत्र टाकावे, ते यादीतल्या सर्वांना पोचावे, आणि ज्याला वाटेल त्याने उत्तर द्यावे, अशी तिची रीत. तिथेच हे पत्र पडले. माझ्यासारख्या शाळामास्तराला त्या नाण्यापेक्षा ही पत्राची गोष्टच अधिक मोलाची वाटते. नाण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. नाणे चालवणारी माणसे एकमेकांशी बोलली कशी आणि कोठे, यावर फारसे कोणी लिहीत नाही. खरी कहाणी तर तिथेच आहे.

प्रथम ही चोपडी कसली ते सांगितले पाहिजे. सावकाराची वही सावकाराच्या तिजोरीत असते. ही वही मात्र हजारो संगणकांवर एकसारखी उतरलेली असते. सुमारे दर दहा मिनिटांनी तिला एक पान जोडले जाते आणि ज्याच्या त्याच्या संगणकाने ते पान तपासून घ्यायचे असते. ही तपासणी करणारी जी आज्ञावली, ती कोणालाही वाचता येते, सुधारून सुचवता येते. तिला धनी नाही, कचेरी नाही, मुनीम नाही. सुधारणा करणारे कोणी अमेरिकेत, कोणी युरोपात, कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. अशा मंडळींनी लोकांच्या पैशाची वही सांभाळायची, तर आपसात बोलायचे कोठे? पेढीला गल्ला असतो, गावाला चावडी असते. यांना काय होते?

पहिल्या दोन वर्षांत जे हाताशी लागले ते त्यांनी घेतले. आज्ञावली सोर्सफोर्ज नावाच्या ठिकाणी ठेवली. २००९ च्या अखेरीस चर्चेसाठी एक सार्वजनिक फोरम उघडला. एक गंमत अशी की, आरंभी खुद्द संगणकसुद्धा एकमेकांचा पत्ता आयआरसी नावाच्या गप्पांच्या खोलीत जाऊन विचारीत. माणसांच्या गप्पांसाठी बांधलेल्या पारावर यंत्रे येऊन बसत आणि आपापला पत्ता सांकेतिक नावात सांगत!

१५ ऑगस्ट २०१० रोजी फोरमवर एकाने लिहिले की ७४,६३८ क्रमांकाचे पान काही विचित्र दिसते. विचित्र म्हणजे किती? बिटकॉइनची नाणी कधी काळी २ कोटी १० लाखांच्या वर जायची नाहीत असा मूळ करार, आणि त्या एका पानावर १८४ अब्जांहून अधिक नाणी कोणी तरी निर्माण करून ठेवलेली! बेरजेचा आकडा यंत्राच्या मापात मावेनासा झाला, की तो उलटा फिरतो. त्या फटीतून कोणी हात घातला होता. सातोशीने काही तासांतच दुरुस्ती केली, लोकांनी ती उतरवून घेतली, आणि ते खोटे पान मागे टाकून वही पुढे गेली. सूचना, उपाय आणि विनंती, सारे त्या एकाच फोरमवर उघड झाले. वही सांभाळणारे तेव्हा थोडके होते, म्हणून ते निभावले.

या प्रसंगानंतर सातोशीने एक भोंगा बसवला. आज्ञावलीतच अशी सोय केली की विशिष्ट किल्ली जवळ असणाऱ्याने संदेश दिला, तर तो प्रत्येकाच्या पडद्यावर झळकावा. गावात दवंडी पिटण्यासारखेच हे. पण दवंडीवाला कोण, आणि त्याला हुकूम कोणाचा, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. त्याच डिसेंबरात सातोशी फोरमवर लिहायचा थांबला. पुढच्या वसंतात त्याने एकदोघा सहकाऱ्यांना आपण दुसऱ्या कामाला लागलो असल्याचे कळवले, आणि तो जो गेला तो गेलाच. मागे राहिलेल्यांपाशी त्याचा पत्ता नव्हता, खरे नाव नव्हते. होती ती फक्त त्याची पत्रे.

२०११ मध्ये विकासकांनी स्वतःची वेगळी मेलिंग लिस्ट काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमीर ताकी याने सुधारणेच्या प्रस्तावांना क्रमांक देण्याची पद्धत घालून दिली. आमच्या शाळेत शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गांत फिरतो आणि आम्ही तीत सही करतो. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना जे ठरते, ते दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. वहीत आले की नाकारता येत नाही. हे क्रमांकित प्रस्ताव म्हणजे त्यांची सूचनावही होय. पण सूचनावही सावकाश फिरते. घराला आग लागली तर तिचा काय उपयोग?

आग लागली ती ११ मार्च २०१३ च्या रात्री. फेब्रुवारीत आज्ञावलीची ०.८ ही नवी आवृत्ती निघाली होती. तिने नोंदी ठेवण्याचे जुने कपाट काढून नवे आणले. जुन्या कपाटाला एका वेळी अमुक इतकीच कुलपे लावता येत, आणि अशी काही मर्यादा आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. २,२५,४३० क्रमांकाचे पान नेहमीपेक्षा जड निघाले. नव्या आवृत्तीने ते मान्य केले, जुनीने नाकारले. झाले! एका वहीच्या दोन वह्या झाल्या, आणि दोन्ही वाढू लागल्या.

ही बातमी आयआरसीच्या खोलीत फुटली. मेलिंग लिस्टवर पत्र टाकून उत्तराची वाट पाहावी अशी ती घटका नव्हती. जागे असतील तेवढे विकासक तिथे जमले. त्याच खोलीत, ज्यांच्या यंत्रांचे बळ फार मोठे होते अशा एका संघाचा चालकही हजर होता. प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र कडू. नव्या वहीमागे अधिक बळ होते. ती तशीच पुढे नेली, तर जुनी आवृत्ती वापरणारे असंख्य दुकानदार आणि सराफ खोट्या वहीवर राहणार. उलट जुनीकडे परतायचे, तर नव्या वहीवर ज्यांनी पाने जोडली त्यांची मजुरी बुडणार, आणि दर पानाची मजुरी तेव्हा २५ नाणी होती. विकासकांनी मागे फिरण्याचा सल्ला दिला. त्या चालकाने आपली यंत्रे जुन्या आवृत्तीवर आणली, आणखी एका मोठ्या संघानेही तेच केले, आणि सहाएक तासांत जुन्या वहीने नवीला गाठून मागे टाकले. २४ पाने रद्द झाली. मधल्या वेळात एकाने प्रयोग म्हणून तेच पैसे दोनदा खर्चून दाखवले. त्याचा हेतू लुबाडण्याचा नव्हता, म्हणून ते तेवढ्यावर भागले.

या रात्रीचा वृत्तांत मी अनेकदा वाचला आहे. आपल्याच मजुरीवर पाणी सोडायला निघालेला तो चालक मला कोणत्याही कादंबरीतल्या नायकाइतका मोठा वाटतो. परंतु मनात एक शंका राहतेच. धनी नसलेली म्हणवणारी ही पेढी त्या रात्री एका खोलीतल्या मूठभर लोकांनी वाचवली. ते लोक भले होते. खोलीचा दरवाजा उघडा होता, बोलणे नोंदले गेले, आणि पुढे सगळ्या चुकीचा कबुलीजबाब क्रमांक ५० च्या प्रस्तावात लिहून ठेवला गेला. हे तिन्ही नसते तर?

नसते तर काय होते, हे पुढल्या दोनतीन वर्षांत दिसले. पानाचा आकार वाढवावा की नाही यावर भांडण जुंपले. २०१५ च्या ऑगस्टात आकार वाढवणारी एक वेगळी आवृत्ती निघाली, तेव्हा सर्वांत गजबजलेल्या चर्चास्थळांच्या चालकांनी तिचा प्रचार करणारी लिखाणे काढून टाकण्यास सुरुवात केली. चावडीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याने विरोधकाला बाहेर काढले. विरोधकांनी मग दुसरी चावडी मांडली. दोन्हीकडे आपापलेच टाळकरी! २०१६ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगला काही विकासक व यंत्रचालक बंद दाराआड बसले आणि त्यांनी एक करारही लिहिला. पण बाहेरच्या विकासकांनी विचारले, की आमच्या वतीने सही करायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? याला उत्तर नव्हते. १ ऑगस्ट २०१७ ला मंडळी वेगळी झाली आणि बिटकॉइन कॅश हे दुसरे नाणे जन्मले. भाऊबंदकीत वाटणी होते तशी वाटणी झाली, आणि बोलणे बंद झाले.

बंद झालेले ते बोलणे वर्षभराने एका भल्या माणसाने उघडले. १७ सप्टेंबर २०१८ रोजी विरुद्ध गटातल्या, 'ऑमनी' या टोपणनावाच्या विकासकाला बिटकॉइनच्या आज्ञावलीत एक भगदाड सापडले. काम लवकर उरकावे म्हणून पूर्वी एक तपासणी अनावश्यक समजून गाळली होती. त्यामुळे एकच नाणे एकाच व्यवहारात दोनदा मोजून घेण्याची वाट मोकळी झाली होती. ते चावडीवर ओरडून सांगितले असते, तर प्रतिस्पर्ध्यांची फजिती झाली असती आणि चोरांचेही फावले असते. त्याने खासगीत कळवले.

आता विकासकांची कसोटी होती. दुरुस्ती हजारो संगणकांवर पोचवायची, पण भगदाड कोठे आहे ते सांगायचे नाही. भोंगा तर उरलाच नव्हता! ज्याच्या हाती किल्ली तो साऱ्यांना भिववू शकतो हे ओळखून त्यांनी २०१६ मध्येच तो मोडीत काढला होता आणि २०१८ च्या जुलैत त्याची गुप्त किल्लीही जगजाहीर करून टाकली होती. मग त्यांनी अर्धे सत्य सांगितले. या दोषाने संगणक बंद पाडता येतो, तेव्हा १८ तारखेची नवी आवृत्ती तातडीने घ्या, एवढेच जाहीर केले. खोटी नाणी पाडता येतात हे गिळून ठेवले. दोन दिवसांनी इतरांनी ते स्वतःच हुडकले, तेव्हा २० तारखेला सारे उघड केले. बिटकॉइनच्या वहीला धक्का लागला नाही.

वर्गात मी मुलांना अर्धसत्य म्हणजे असत्यच असे शिकवत आलो आहे. या ठिकाणी मात्र माझे मन डगमगते. रोग्याला रोग कधी सांगावा, हे ठरवणारा वैद्य ज्या पेचात सापडतो, तोच हा पेच. मला त्यांचे करणे पटते. पण ते करताना त्यांना सुखाची झोप लागली असेल असे वाटत नाही.

यानंतरही बिऱ्हाडे हलवणे चुकले नाही. २०२१ च्या मे महिन्यात आयआरसीच्या ज्या जागेत ते बसत तिच्या मालकीवरून तंटा झाला आणि तिथले कार्यकर्तेच राजीनामे देऊन बाहेर पडले. तेव्हा ही मंडळीही नव्या जागी गेली. मेलिंग लिस्टने तर सोर्सफोर्जचे घर २०१५ मध्येच सोडून लिनक्स फाउंडेशनकडे आश्रय घेतला होता. तिथूनही निघा म्हणून सांगणे आले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ती गूगलच्या ओसरीवर आली. धनी नको म्हणणाऱ्यांनी जगातल्या एवढ्या मोठ्या धन्याच्या ओसरीवर बसावे, याचे हसू काहींना आले. पण पत्राची गोष्ट निराळी असते. यादीवर आलेले प्रत्येक पत्र वाचणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीतही पडलेले असते. घर बदलताना कोणाला जुनी पत्रे मागायला जावे लागले नाही. ती ज्याच्या त्याच्यापाशी होतीच.