बैल, चित्रकलेतील

शेतीतील जनावरे हा निसर्गचित्रणाचा जुना विषय. डच चित्रकार पाउलस पॉटर याने १६४७ मध्ये तरुण बैलाचे भव्य चित्र रंगवले. फ्रान्सच्या रोझा बोनर हिच्या १८४९ च्या नांगरणीच्या चित्रात माणसे दुय्यम, बैलच नायक. महाराष्ट्रात मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘जमीन’मध्ये (१९५५) ग्रामजीवन येते. डहाणू भागातील जिव्या सोमा मशे यांनी वारल्यांची भिंतीवरची चित्रे कागदावर आणली. त्यातली शेते, गुरे, माणसे एकाच मापाने जगतात.

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसर कापसाचा. येथे बैल चित्राचा विषय नसतो, तोच चित्रफलक असतो. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला शिंगे रंगवतात, त्यांवर बेगड चिकटवतात, अंगावर रंगाचे ठसे उमटवतात, पाठीवर झूल चढवतात. आदल्या दिवशी जुवाने घासलेले खांदे हळद-तुपाने शेकलेले असतात. रंगाआधी ही मलमपट्टी, हे ध्यानात घेण्याजोगे. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीते, रंगतात. ही कला कोणत्याही दालनात टिकत नाही, पावसाने धुऊन जाते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्यात मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात.