गतिअंधत्व
डोळे शाबूत असूनही हालचाल न दिसण्याचा दुर्मीळ मेंदूविकार. मेंदूच्या मागील भागात गतीची जाण देणारे क्षेत्र असते. त्याला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यास तो उद्भवतो. योझेफ त्सील व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वर्णिलेल्या रुग्ण स्त्रीला रंग, आकार ओळखता येत. पण कपात ओतला जाणारा चहा गोठलेला दिसे आणि पातळी चढताना न दिसल्याने कुठे थांबावे हे कळत नसे. माणसे क्षणात इथे, क्षणात तिथे दिसत, म्हणून गर्दीची खोली ती टाळी. बोलणाऱ्याचे ओठ हलताना न दिसल्याने संभाषणही अवघड जाई. रस्ता ओलांडणे तर सर्वांत भयावह: दूरची मोटार एकाएकी अगदी जवळ आलेली असे. आवाजावरून मोटारींचे अंतर ओळखायला ती पुढे शिकली.