नऊ नंबरचा बूट आणि काळं पडलेलं नख

आजचा विषय एकदम पायाशी आहे: ट्रेकचे बूट. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

पहिल्या पगारातून मी बूट घेतले. आठ नंबर घातला, तर करंगळीच्या बाजूला दाबत होता. विक्रेता म्हणाला, "सर, नऊ घ्या, मोकळा बसेल." बसला की! राजगड चढताना काही त्रास नाही. पण चोर दरवाजाने गुंजवण्याकडे उतरायला लागलो आणि पाय बुटात पुढे सरकायला लागला. प्रत्येक पावलाला अंगठा टोकावर आपटायचा. गावात पोचेपर्यंत नख जांभळं, दोन दिवसांत काळं. माझा मित्र मात्र माझ्या बुटांच्या चौथ्या हिश्शात मिळणारे बूट घालून टणाटण उतरला होता. वर विचारतो, "काय रे, महागाचे जास्त चावतात का?"

प्रश्न झोंबला. म्हणून शोधायला लागलो, की बुटासाठी आपण नेमके पैसे कशाचे देतो?

पहिलं उत्तर, पकडीचे. शंभर वर्षांपूर्वी आल्प्समधले लोक कातडी बुटांच्या तळाला लोखंडी खिळे ठोकायचे. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीच्या पायात असेच खिळ्यांचे बूट होते. बर्फावर खिळे रुततात, पण लोखंडातून थंडी थेट पायात चढते आणि कातळावर ते घसरतात. म्हणून कातळ आला की जड बूट काढून ठेवायचे आणि मऊ तळाचे हलके जोडे घालायचे, अशी पद्धत होती.

१९३५ मध्ये इटलीचा गिर्यारोहक विताले ब्रामानी काही सोबत्यांबरोबर पुंता रासिका शिखरावर गेला. तिथंही हेच झालं: जड बूट खाली, हलके जोडे पायात. वर असताना वादळ आलं. बर्फ साचला, आणि त्या जोड्यांवर ना नीट उतरता येई, ना थंडी अडे. सहा जण गेले. ब्रामानी वाचला, आणि त्यानं एकच ध्यास घेतला: कातळावर आणि बर्फावर, दोन्हीकडे चालेल असा एकच तळ. पिरेली या टायरवाल्या घराण्याची मदत मिळाली आणि १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ तयार झाला. त्याच्या नावातली अक्षरं जोडून नाव पडलं 'व्हिब्रम'. त्या नक्षीला इटालियनमध्ये रणगाडा म्हणतात. १९५४ मध्ये इटालियन मोहीम पहिल्यांदा केटूच्या माथ्यावर पोचली, तेव्हा त्यांच्या बुटांना हेच तळ होते.

आता गंमत बघा. सहा माणसं गेल्यावर सुचलेली ती खाचांची कल्पना आज कुठल्याही साध्या बुटाखाली सापडते. सह्याद्रीत कित्येक वर्षं पोरं 'अ‍ॅक्शन ट्रेकिंग'सारख्या स्वस्त बुटांवर भटकली आणि अजून भटकतायत. शेवाळलेल्या कातळावर कुठलाही बूट घसरतो, तो भाग वेगळा.

म्हणजे पकड स्वस्त झाली. राहिलं ते माप. आणि इथं खरा घोळ आहे.

आठ नंबर, नऊ नंबर म्हणजे काय? इंग्रजी पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक-तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. हे माप आलं बार्लीच्या दाण्याच्या लांबीवरून. हो, धान्याच्या! युरोपी ४१-४२ चा टप्पा वेगळा, दोन-तृतीयांश सेंटिमीटर. पण दोन्ही नंबर मोजतात फक्त लांबी. रुंदी त्यात नाहीच. तशी युरोपला पायाची फार पर्वा होती असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं कित्येक बूट डावा-उजवा फरक न करताच बनायचे.

१९२० च्या दशकात अमेरिकेत सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यानं, बापाचं बुटांचं दुकान होतं म्हणून, पाय मोजायचं यंत्र बनवलं. पहिला नमुना मेकॅनोसारख्या खेळण्याचे तुकडे जोडून केला. ते लांबी मोजतंच, पण रुंदी मोजतं, आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंतचं अंतरही मोजतं. बूट वाकतो कुठं आणि पाय वाकतो कुठं, हे जुळायला नको का?

आणि आपण? आपण इंग्रजांचे नंबर घेतले आणि वापरत बसलो. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. निघालं काय? आपले पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद. म्हणून लोक मोठा नंबर घेतात आणि नाडी आवळतात. यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. हे वाचलं आणि मी माझ्या नखाकडे बघितलं. रुंदीची अडचण मी लांबी वाढवून सोडवली होती!

दुसऱ्यांदा मी दुकानात संध्याकाळी गेलो, कारण दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचे जाड मोजे घेऊन गेलो. बुटातला आतला तळवा बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर उभा राहिलो. करंगळी कडेबाहेर गेली की तो जोड बाद. नाडी न बांधता पाय पुढे ढकलला, टाचेमागं एक बोट जाईल एवढी जागा बघितली. मग नाडी घट्ट बांधून दुकानाच्या जिन्यावरून दाणदाण उतरलो. अंगठा आपटला नाही, टाच उचलली नाही. चार जोड बाद झाले. दुकानदार वैतागला, मग हसायला लागला. पाचवा घेतला: आठच नंबर, पण पुढून रुंद. किंमत पहिल्या जोडाच्या निम्मी.

नख पुरतं यायला आठ महिने लागले. ते नऊ नंबरचे बूट आता धाकटा भाऊ वापरतो. त्याला अगदी बरोब्बर बसतात.