नाव, कथा आणि नकाशा : गेलिक स्थलनामांचा इतिहास

आयर्लंडच्या मध्ययुगीन गेलिक वाङ्मयात ‘दिनशनखस’ या नावाचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार होता. डोंगर, नद्या, पठारे यांना नावे कशी पडली याच्या गद्य-पद्य कथा त्यात येतात. बाराव्या शतकातील ‘बुक ऑफ लीन्स्टर’ या हस्तलिखितात त्यांचा मोठा संग्रह आहे. आपल्याकडील स्थलमाहात्म्यांशी त्यांचे साम्य जाणवते. मात्र माहात्म्य यात्रेकरूला क्षेत्राकडे बोलावते, तर दिनशनखसाला हवी असते नावाची उकल. एकाच नावाच्या दोन-तीन विसंगत कथा शेजारी शेजारी ठेवण्यात त्याला वावगे वाटत नाही. बोअन ही स्त्री निषिद्ध विहिरीपाशी गेली, पाणी उसळून तिच्यामागे धावले आणि त्या पाण्याचीच बॉइन नदी झाली, असे कथा सांगते. भाषाशास्त्र त्याच नावात ‘शुभ्र गाय’ हा अर्थ पाहते. व्युत्पत्ती म्हणून कथा टिकत नाही. परंतु नाव हे पुन्हा पुन्हा सांगावे लागणारे कथन आहे, ही त्या समाजाची धारणा ती स्पष्ट करते.

या धारणेची गाठ 1824 मध्ये नकाशाशी पडली. जमीनमहसुलाच्या आकारणीसाठी ब्रिटिश शासनाने कर्नल थॉमस कोल्बी यांच्या नेतृत्वाखाली आयर्लंडची मोजणी सुरू केली. मैलाला सहा इंच या प्रमाणात संपूर्ण बेटाचे नकाशे 1846 पर्यंत तयार झाले, आणि साठ हजारांहून अधिक गावशिवारांची नावे इंग्रजी वर्णलेखनात स्थिरावली. ब्रायन फ्रील यांच्या ‘ट्रान्सलेशन्स’ (1980) या नाटकामुळे हे कार्य म्हणजे एका संस्कृतीचे बळजबरीने केलेले नामांतर, अशी प्रतिमा समीक्षेत रूढ झाली. वसाहतोत्तर विवेचनात तर ती जवळजवळ गृहीतकच बनली आहे.

दप्तराचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. 1830 पासून नावांचे काम पाहणारे जॉन ओ’डोनोव्हन (1806–1861) हे किल्केनीचे गेलिक पंडित होते. जुन्या दस्तऐवजांतील लेखनरूपे जमवायची, गावोगाव हिंडून वृद्धांच्या तोंडचा उच्चार ऐकायचा, त्यावरून मूळ रूप ठरवायचे आणि मग त्याला जवळचे इंग्रजी लेखन सुचवायचे, अशी त्यांची पद्धत होती. मूळ रूपे नामवह्यांत नोंदली गेली; आज ती या अभ्यासाची आधारसामग्री आहे. उघड नामांतरे बहुधा मोजणीबाहेरची होती. ओकच्या राईवरून पडलेले ‘डेरी’ हे नाव ‘लंडनडेरी’ झाले ते 1613 मध्ये, वसाहतकारांच्या सनदेने. ‘डून लिअरी’चे ‘किंग्जटाउन’ झाले 1821 मध्ये, राजाच्या भेटीप्रीत्यर्थ. 1920 मध्ये जुने नाव परत आले. जे. एच. अँड्र्यूज यांनी ‘अ पेपर लँडस्केप’ (1975) या ग्रंथात मोजणीचा हा इतिहास साधार मांडला.

म्हणजे फ्रील चुकले काय? त्यांच्याच नाटकातील ‘टोबर व्ह्री’चा प्रसंग पाहावा. ब्रायन नावाचा कोणी त्या विहिरीत बुडून मेला. विहीर केव्हाच आटली, नाव झिजून ओळखू येईनासे झाले, आणि कथा आठवणारा एकच माणूस उरला. असे नाव राखावे की टाकावे? येथे फ्रील लेखनरूपाच्या पलीकडे, स्मरणाऱ्या माणसापाशी पोहोचतात. इतिहासही तेच सांगतो. 1845 पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशांतराला गेली. सर्वाधिक फटका बसला तो पश्चिमेच्या गेलिकभाषक प्रदेशांना. नावे नकाशावर राहिली, सांगणारे गेले. स्कॉटलंडमध्ये रासे बेटावरील हालेग हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमीनदाराने ओस पाडले. त्याचे नाव गेलिक साहित्यात पुन्हा बोलते झाले ते सोर्ली मॅक्लीन यांच्या 1954 मधील कवितेमुळे.

भूदृश्याला ‘संहिता’ म्हणणाऱ्या समीक्षेने येथे थांबून विचार करावा. संहिता वाचकावाचून पडून राहू शकते. दिनशनखसाला सांगणारा आणि ऐकणारा दोघेही लागतात. 1937–39 मध्ये आयर्लंडच्या शाळकरी मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या कथा लिहवून घेतल्या गेल्या. त्या उपक्रमाने ही गरज नेमकी ओळखली होती. नकाशाला सर्वस्वी दोषी ठरवले, की भूक, खंड आणि बेदखली ही खरी कारणे नजरेआड होतात. नावाचा अपभ्रंश दुरुस्त करता येतो; गावाचे ओसाडपण वर्णलेखन सुधारून भरून येत नाही.